लिबरल म्हणजे नेमकं कोण? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमध्ये एक शब्द सारखा येतोय, लिबरल. कोणी शिवीसारखा वापरलाय, कोणी अभिमानाने. तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवल्यामुळे या विचाराबद्दल मला माया आहे, ती लपवत नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्या फॅमिली ग्रुपवर लिबरल, डावे, कम्युनिस्ट सगळे एकाच माळेचे मणी धरतात. खरंच एक आहेत का? (पुणे)

नाही हो. कम्युनिस्ट माणूस वर्ग धरून विचार करतो, राष्ट्रवादी राष्ट्र धरून आणि लिबरल एकेक माणूस धरून. सत्ता कोणाचीही असू दे, राजाची, सरकारची, जातपंचायतीची, घरातल्या कर्त्या पुरुषाची, तिला कुंपण पाहिजे आणि जिच्यावर ती चालते त्या व्यक्तीला नाही म्हणायची सोय पाहिजे, हा गाभा. बाकी घोळ होतो तो शब्दामुळे. स्पेनमध्ये १८१२ साली कादिझ शहरात राजाच्या अधिकारांना लगाम घालणारी घटना ज्यांनी केली त्यांना लिबरालेस म्हणायचे, मग ब्रिटनमध्ये लिबरल म्हणजे खुला व्यापार आणि कमी सरकार असं झालं, अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सरकारी रोजगार, पेन्शन वगैरे आणलं तेव्हापासून तिकडे लिबरल म्हणजे गरिबासाठी सरकारने हात द्यावा म्हणणारा, आणि ऑस्ट्रेलियात लिबरल पार्टी चक्क उजवी आहे. आपले न्यायमूर्ती रानडे तर १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजच्या भाषणात म्हणाले की इंग्लंडचं अर्थशास्त्र जसंच्या तसं इथे चालणार नाही, इथल्या उद्योगांना सरकारने मदत केली पाहिजे. म्हणजे बाजार किती आणि सरकार किती यावर लिबरल लोक आपापसातच भांडतात, भांडू दे. माणसाच्या हक्कावर मात्र भांडत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची आहे, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करायचं म्हणते. आम्ही नाही म्हटलं तर म्हणाली, आई तू लिबरल नाहीस. आईबापाचं ऐकायचं नाही हेच लिबरल का? (सांगली)

ताई, तुमची काळजी मला कळते. पण तुमची मुलगी तुमचा सल्ला नाकारतेय असं मला वाटत नाही, ती म्हणतेय शेवटचा शब्द माझा. सल्ला द्या, रागवा, चार महिने थांब म्हणा, हे सगळं आईचंच काम आहे. कोंडून ठेवणं, फोन काढून घेणं, मी जीव देईन अशी धमकी देणं, तिथे मात्र सल्ला संपला आणि सत्ता सुरू झाली.

आणि हे काही तिने इंटरनेटवरून आणलेलं खूळ नाही, हा आपल्याच मातीतला झगडा आहे. मुंबईतल्या रखमाबाईंचं लग्न ११व्या वर्षी लावलं होतं, मोठ्या झाल्यावर त्या म्हणाल्या मी या माणसाकडे नांदायला जाणार नाही. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग, त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. शेवटी तडजोड झाली, पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय १० वरून १२ करायचं एवढंच होतं, बघा, फक्त दोन वर्षं! तरी केवढा गदारोळ. टिळकांचं म्हणणं परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये. आगरकर म्हणत होते दहा वर्षांच्या पोरीचे हाल थांबवायला कायदा हवा, मग तो कोणी का करेना. टिळकांच्या भीतीतही अर्थ होता हे मी मानते, पण त्या पोरीच्या जागेवरून बघितलं की मला आगरकरच बरोबर वाटतात.

स्वतः रानड्यांनी मात्र विधवाविवाहाची बाजू घेऊनही १८७३ मध्ये वडिलांच्या दबावापुढे ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं, ते मला आजही खुपतं. एवढ्या मोठ्या माणसालाही घरात नाही म्हणता आलं नाही. तुमची मुलगी म्हणतेय. तिला निदान ऐकून तरी घ्या, आणि त्या मुलाला एकदा घरी जेवायला बोलवा.

प्रश्न : लिबरल लोक शहरातले, इंग्रजी बोलणारे. आम्हा कांदेवाल्यांना त्यांचा काय उपयोग? (चांदवड)

दादा, चांदवडहून हे विचारताय म्हणून सांगते. १९८६ मध्ये तुमच्याच चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं, घरात कोणाला तरी विचारा, आठवण असेल. त्या संघटनेचे नेते शरद जोशी हा अगदी पक्का लिबरल माणूस. त्यांचं म्हणणं काय तर शेतकऱ्याला भीक नको, त्याचा माल त्याला हवा तिथे विकू द्या. भाव चढला की निर्यातबंदी करायची, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर केली तशी, म्हणजे शहरातला ग्राहक सांभाळायला शेतकऱ्याच्या मालावर सरकारने हात ठेवणं, आणि लिबरल माणसाने याला विरोध केलाच पाहिजे. शहरातले बरेच करत नाहीत ही तुमची तक्रार खरी आहे. पण जोशी तिथे थांबले नाहीत, जे स्वातंत्र्य सरकारकडे मागता ते घरात बायकोला देता का म्हणाले, आणि लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. तुमच्या सातबाऱ्यावर वहिनींचं नाव आहे का?

प्रश्न : बोलायचं स्वातंत्र्य म्हणजे कोणी महापुरुषांबद्दल काहीही बोलावं का? आमच्या भावना नाहीत का? (छत्रपती संभाजीनगर, विद्यार्थी)

भावना आहेत, आणि त्या दुखावल्या तर उत्तर द्यायचा, निषेध करायचा, सभा घ्यायचा पूर्ण हक्क तुला आहे. हिंसेला चिथावणी आणि बदनामी यासाठी कायदा आहेच. पण भावना दुखावली म्हणून अटक, हे एकदा मान्य केलं की ते कोणावरही उलटतं. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर साधी पोस्ट टाकली, दुसरीने नुसती लाइक केली, दोघींना अटक. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ ची केस उभी राहिली आणि मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. आगरकरांची तर पुण्यात लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. त्या काळच्या लोकांच्या भावना जपायच्या म्हणून त्यांना गप्प केलं असतं तर तुझ्या वर्गात ज्या मुली बसतात त्यातल्या किती आल्या असत्या?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत १८ वर्षं आहोत, इथे डेमोक्रॅट्सना मत देतो पण भारतातले लिबरल पटत नाहीत. यात विसंगती आहे का?

टॅक्स किंवा परराष्ट्र धोरणावर पटत नसेल तर अजिबात नाही. पण तिथे आपलं देऊळ उभं राहावं म्हणून हक्क मागायचा आणि इथे दुसऱ्याच्या प्रार्थनेला आक्षेप घ्यायचा असं असेल तर हो, आहे. तुम्ही तिथे कसे पोचलात तेही आठवा. १९२३ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांना गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं, १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व देणारा कायदा झाला, तरी तिथे राहायला जायला वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा होता. १९६५ मध्ये, काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या जोरावर, देश बघून कोटा ठरवायची ती पद्धतच बदलली. तेव्हा तिकडे भारतीय मतदार म्हणावे तर मूठभरच होते, तरी ज्यांनी तो कायदा केला त्यांनी तुमच्यासाठी दार उघडलं.