टेबलमधल्या ११ ते २० नंबरच्या ओळी कशा काढायच्या?

सभासदांच्या टेबलमधून फक्त ११ ते २० नंबरच्या ओळी हव्यात, पण एसक्यूएलमधल्या 'व्हेअर'मध्ये, म्हणजे ओळी निवडायच्या अटीत, काय लिहायचं ते सुचत नाही, असं तुम्ही म्हणताय. सुचणारही नाही. 'व्हेअर'ला फक्त ओळीतला मजकूर दिसतो: गाव कुठलं, थकबाकी किती. ओळ कितवी, हे त्याच्या गावीही नसतं. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने १९७० साली रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत ठेवायची कल्पना) मांडलं, त्यातच ओळींच्या क्रमाला काही अर्थ नव्हता. त्यामुळे आधी क्रम सांगा, मगच अकरावी ओळ कुठली ते ठरेल.

डेटाबेस मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस असेल तर क्रम सांगणारं 'ऑर्डर बाय सभासद क्रमांक' आणि शेवटी 'लिमिट १० ऑफसेट १०'. पहिल्या दहा सोडल्या, पुढच्या दहा घेतल्या. एसक्यूएल सर्व्हर २०१२ आणि ओरॅकल १२सी पासून तिथे 'ऑफसेट' आणि 'फेच नेक्स्ट' चालतं. जुन्या ओरॅकलवर 'रोनम' (ओळ येताना तिला मिळणारा नंबर) दहापेक्षा मोठा, अशी अट घालून बघा, एकही ओळ येणार नाही! आलेल्या पहिल्या ओळीला १ नंबर मिळतो, तो अटीत बसत नाही म्हणून ती बाद. मग पुढचीलाही पुन्हा १ च.

'ऑर्डर बाय'चा आळस मला एकदा भोवलाय. एका पतसंस्थेची सभासदांची यादी होती, पोस्टग्रेसवर, पानापानाने दाखवायची. नुसतं 'लिमिट' लावलं, टेस्टिंगला सगळं झकास. मग क्लार्कने एका सभासदाचा मोबाईल नंबर बदलला आणि तो पहिल्या पानावरून गायब. "सर, यांनी राजीनामा दिला का?" असा फोन. गडी शेवटच्या पानावर बसला होता. पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ खोडून तिथेच लिहीत नाही, नवी प्रत करतं, आणि ती कुठे जागा मिळेल तिथे जाते.

नावाने क्रम लावणार असाल तर नावापुढे सभासद क्रमांकही द्या. सारख्या नावाच्या दोघांत आधी कोण, हे नाहीतर दरवेळी बदलू शकतं.

टेबल मोठं असेल तर 'ऑफसेट ५००००' महागात पडतं, कारण तेवढ्या ओळी आधी वाचून टाकून द्याव्या लागतात. तिथे मात्र 'व्हेअर' कामाला येतं: मागच्या पानावरचा शेवटचा सभासद क्रमांक लक्षात ठेवा, त्याहून मोठे क्रमांक मागा, क्रम तोच ठेवून 'लिमिट १०'. फक्त मग थेट चाळिसाव्या पानावर उडी मारता येत नाही, 'पुढे' हेच बटण द्यावं लागतं.