'उसवून घे' की 'उकल'? आणि तुटलेल्या सुताचं काय?

दापोलीकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "क्रोशाचा रुमाल करताना फेरा चुकला, की सासूबाई म्हणतात 'उसवून घे'. पुण्याची मैत्रीण म्हणते 'उकल'. बरोबर काय? आता मी टकळीवर सूत कातायला शिकते आहे आणि धागा सारखा तुटतो. कातलेलं चुकलं तर तेही उसवणंच का? आणि 'सूतोवाच'मधलं सूत ते हेच का?"

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. मैत्रिणीचा शब्दही मराठीच, पण तो दुसऱ्या कामाचा.

'उसवणे'च्या पोटात 'शिवणे' आहे. संस्कृतातल्या 'सिव्' धातूवरून आपलं शिवणं आलं आणि त्यालाच आधी 'उत्' लागून उसवणं. 'उद्घाट'चं उघडणं झालं, 'उत्पाट'चं उपटणं झालं, त्याच घरातला हा शब्द. म्हणजे मुळात तो शिंप्याचा. क्रोशा आणि सुयांवरचं विणकाम विलायतेतून आपल्याकडे आलं, तेव्हा बायकांनी त्यातल्या प्रत्येक वेढ्याला शिवणकामातलाच 'टाका' म्हटलं. टाका आला तसं त्याच्या पाठोपाठ उसवणंही आलं. कोकणात स्वेटरची गरज कुणाला पडत नाही, पण क्रोशाची तोरणं आणि रुमाल घरोघर असतात, म्हणून हा शब्द आपल्याकडे अजून तोंडात आहे.

'उकलणे' वापरायचं ते मिटलेलं, अडकलेलं मोकळं होतं तिथे. गाठ उकलते, पीळ उकलतो, उन्हाने शेंग उकलते, कोडं उकलतं. यात वस्तू शाबूत राहते. उसवण्यात तसं नाही. फेरा उसवला की केलेलं काम जातं, हातात फक्त दोरा उरतो. तेव्हा दोऱ्याच्या गुंड्यात गुंता झाला तर उकला, टाके मोजायला चुकलात तर उसवा. 'उलगडणे' घडीसाठी आणि गुंडाळीसाठी राखलेलं बरं.

मला खरं बोलायचं आहे ते सासूबाईंच्या 'घे'बद्दल. 'रुमाल उसवला' एवढंच म्हटलं तर तो आपोआप उसवला की कुणी मुद्दाम उसवला, हे कळत नाही, कारण हे क्रियापद दोन्हीकडे तसंच चालतं. 'उसवून'च्या पुढे काय येतं त्यावर सगळं ठरतं. 'उसवून गेला' म्हणजे आपल्या हातात काही नव्हतं. 'उसवून टाक' म्हणजे विषय संपव. फेकून टाक, विसरून टाक यातलं टाक. 'उसवून ठेव' म्हणजे आज नको, मग बघू. आणि 'उसवून घे' म्हणजे शिकून घे, समजून घे यातलं घे. त्यात मिळकत करणाऱ्याच्या पदरात पडते. दोरा परत तुझ्या हातात आला, आता पुन्हा घाल, हे सगळं त्या एका अक्षरात आहे.

मी अकरा-बारा वर्षांची असताना आत्याजवळ बसून क्रोशा शिकले. गोल रुमालाच्या ११व्या फेऱ्यात दोन खांब, म्हणजे उभे टाके, कमी पडले होते, ते १९व्या फेऱ्यात कडा वर उचलायला लागली तेव्हा दिसलं. मी रडवेली झाले. आत्या रागावली नाही, तिने समजूतही घातली नाही. "उसवून घे," एवढंच म्हणाली आणि दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. उसवलेला दोरा कुरळा होतो, टाक्यांची वळणं त्यात बसलेली असतात. तो तिने पाटाला गुंडाळला, वर पाण्याचा हात फिरवला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी दोरा सरळ! 'सुतासारखा सरळ' या शब्दांचा अर्थ मला त्या पाटावर कळला. पुढे कित्येक वर्षं मी 'टाक' आणि 'घे' यांतला फरक कानाने ओळखत होते, व्याकरणाने ओळखायला बराच काळ गेला.

आता टकळी. इथे मात्र उसवणं चालत नाही. शिवणेला उसवणे आहे, पण कातणेला असा जोडीदार मराठीने घडवलाच नाही. उकातणे असा शब्द नाही, आणि नाही ते योग्यच आहे. कातलेल्या सुतातला पीळ काढता येतो, पण मोकळे झालेले तंतू पुन्हा पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची कातायला केलेली वळी, होत नाहीत. पीळ एकदा मुरला की किती पक्का असतो ते आपल्याकडे कापसापेक्षा काथ्याने जास्त शिकवलं. कोकणात कापूस पिकत नाही. आपला पीळ सोडणांतला, म्हणजे नारळाच्या तंतूंच्या सालीतला. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजवायची, बडवून काथ्या मोकळा करायचा आणि मग सुंभ वळायचा. सुंभ 'वळतात', वातीही 'वळतात', सूत तेवढं 'कातलं' जातं. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण हट्टी माणसाला उद्देशून वापरतो, पण ती आधी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. जळलेल्या सुंभाच्या राखेतही वेढे तसेच दिसतात. मला ही म्हण निव्वळ दोष दाखवणारी वाटत नाही. पीळ नसेल तर सुंभ म्हणजे नुसता काथ्या.

म्हणून कातण्यातल्या चुकांची भाषा पिळाभोवती फिरते. पीळ कमी पडला की सूत ओढताच सुटतं. तिथे पीळ 'भरायचा'. जास्त झाला की सूत स्वतःभोवतीच वेटोळी घालतं. तिथे तो 'उतरवायचा', टकळी लोंबकळती सोडली की जादा पीळ आपला आपण उतरतो. पीळ आधी बारीक जागेत धावतो, त्यामुळे शेजारची जाड जागा पोकळ राहते. ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, पीळ थोडा उकलायचा आणि हलकेच ओढायचं. बघा, मैत्रिणीचा शब्द इथे कसा अगदी नेमका बसतो.

आणि धागा तुटला तर? सांधायचा. गाठ मारायची नाही, ती पुढे मागाच्या फणीत अडकते. तुटलेल्या टोकाचा पीळ बोटभर उकला, तंतू पिंजारा, त्यावर पेळूतले तंतू ठेवा आणि टकळीला फिरकी द्या. जमलं तर जोड शोधूनही सापडत नाही. आपल्याकडच्या पावसात पेळू दमट होऊन तंतू एकमेकांना धरून बसतात, तेव्हा जास्त तुटतं. पेळू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून बघा.

तुटण्याचं वाईट वाटून घेऊ नका, हे मी हिशेबाने सांगते. खादीच्या जुन्या मापात एक तार ४ फुटांची आणि एक गुंडी ६४० तारांची, म्हणजे २,५६० फूट, सुमारे ७८० मीटर. गांधीजींच्या स्मृतीला दर १२ फेब्रुवारीला स्वतः कातलेली एक गुंडी वाहायची, ही सूतांजलीची कल्पना विनोबांची. ते आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्या गुंडीत न तुटता निघालेलं सूत किती असेल? १९३७च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर कताई शिक्षणात शिरली. माझ्या आईच्या शाळेतही सूतकताईचा तास असे. ती सांगायची, बाई गुंडीत किती वेळा तुटलं ते कधी विचारत नसत, गाठी तेवढ्या बोटांनी चाचपत आणि सापडली की पुन्हा कातायला बसवत.

'सांधणे' हा शब्द तुम्हाला हर्णैच्या किनाऱ्यावरही ऐकू येईल. जाळं फाटलं की कुणी ते उसवत नाही. फाटक्या आसांच्या, म्हणजे जाळ्यातल्या भोकांच्या, कडा कापून साफ करतात आणि चपट्या सुईने तेवढंच विणून मूळ जाळ्याला सांधतात. हात-पाय जोडणारा सांधा आणि हे सांधणं एकाच 'संधा'चे.

तिसरा प्रश्न लहान आहे. 'सूतोवाच'मधलं सूत धाग्याचं नाही. पुराणं सांगणारा तो सूत. 'सूत उवाच', म्हणजे सूत म्हणाला, अशी तिथे कथेची सुरुवात होते, म्हणून एखाद्या गोष्टीचा पहिला उल्लेख तो सूतोवाच. 'सूत जुळणे' मात्र धाग्याचंच.