मंगळवारी रात्री नऊ वाजता काय मिळतं ते बघ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

घर कुठे शोधायचं याची तुझी यादी मिळाली. लोअर परळला नोकरी लागली आणि घर शोधताना पोरीने भाड्याच्या आधी खाण्याचा विचार केला, हे ऐकून तुझी आई फोनवर माझ्याशी भांडलीच. ‘तूच शिकवलंस हे,’ म्हणाली. मी काही शिकवलेलं नाही, पण तुझं चुकतंय असंही मला वाटत नाही. बँकेत असताना बदलीच्या गावी एकट्याने राहणारी माणसं मी खूप पाहिली. त्यांची चिडचिड, पित्त, ‘पगार पुरत नाही’ची रड, यातलं निम्मंशिम्मं जेवणाच्या आबाळीतून आलेलं असायचं.

चुकलीय ती यादी. माटुंग्यापुढे तू कॅफे मद्रास लिहिलंयस, दादरपुढे आस्वादची मिसळ, लालबागपुढे लाडू सम्राट. अगं, ही पाहुण्यांची यादी झाली. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये बक्षीस मिळालं, त्याचा आम्हा दादरकरांना अभिमान आहेच. पण बक्षीस मिळालेली मिसळ आठवड्यातून पाचदा खाल्लीस तर सहाव्या दिवशी डॉक्टरकडे जाशील. नावाजलेल्या ठिकाणी लोकलने जाता येतं, रविवारी रांगेत उभं राहता येतं. त्याच्या शेजारी घर घ्यायची गरज नसते. घर घ्यायचं ते रोजच्या जेवणाच्या शेजारी.

म्हणून एक कर. एजंट तुला रविवारी सकाळी खोली दाखवेल, तेव्हा सगळ्याच गल्ल्या गोड दिसतात. तू मंगळवारी रात्री नऊला जा, एकटी, भूक लागलेली असताना. कोणती दुकानं उघडी आहेत? एक माणूस जेवेल एवढंच मिळतं का? पोळीभाजी केंद्रात ‘तीन पोळ्या आणि पाव किलो भाजी’ मागितली तर देतात की कपाळाला आठ्या घालतात? भाजीवाली दोन वांगी, एक टोमॅटो आणि दहाची मिरची-कोथिंबीर एकत्र बांधून देते का? आणि तिथे एकटी बाई जेवत बसली तर कुणी वळून बघतं का? शेवटचा प्रश्न तुझ्या मित्रांना सुचणार नाही, म्हणून मी लिहितेय.

माटुंग्याला हे प्रश्न चांगल्या मार्कांनी सुटतात, हे आधीच सांगते. स्टेशनसमोर मंडईच्या वरच्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. केळीच्या पानावर वाढतात, शेजारी अनोळखी माणूस बसतो, तोही मान खाली घालून जेवतो, वीस मिनिटांत उठतो. उडुपी हॉटेलांनी मुंबईतल्या एकट्या बाईवर केवढे उपकार केलेत, ते कुणी कधी लिहून ठेवलं नाही. खाली मंडईत शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, केळीची पानं, कढीपत्त्याच्या जुड्या. फिल्टर कॉफीची पावडर डोळ्यांसमोर दळून मिळते. चिकोरी किती घालायची ते आपण सांगायचं. पहाटे इडली मिळते, रात्री दहीभात मिळतो. पोटाला याहून सोसणारा परिसर मुंबईत मला माहीत नाही.

पण तू कोल्हापूरची. स्टेशनच्या पूर्वेला दाक्षिणात्य आणि गुजराती-कच्छी वस्ती, बहुतेक इमारती शाकाहारी. मासळी घ्यायची तर पश्चिमेला सिटीलाइटच्या बाजारात जायचं आणि पिशवी लपवत परत यायचं. मालक हे करारात कधी लिहीत नाहीत. लिव्ह अँड लायसन्सच्या अकरा महिन्यांच्या कागदावर यातलं अक्षरही नसतं. एजंट नुसतं ‘व्हेज आहात ना मॅडम?’ असं हसत विचारतो. तिथे ‘कधीतरी खाते’ असं गुळमुळीत बोलू नकोस. ‘मटण खाते, घरी शिजवते, चालेल का?’ असं टोकन, म्हणजे खोली अडवून ठेवायचे आगाऊ पैसे, देण्याआधी विचार. नाही म्हणाले तर तुझे पैसे वाचले. पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहणार असशील तर पुढचे प्रश्नही तेव्हाच: गॅस वापरू देणार का, किती वाजेपर्यंत, फ्रिजमध्ये कप्पा मिळेल का, नळाला पाणी कधी येतं. पहाटे अर्धा तास पाणी येत असेल तर भांडी रात्री घासायची सोय राहत नाही, आणि भांडी पडून राहिली की माणूस बाहेरून मागवायला लागतो.

आता लालबाग-परळ. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिथली चव कुठून आली ते तुला कुठलंही अॅप सांगणार नाही.

तुझं ऑफिस ज्या काचेच्या इमारतीत आहे, त्या भागात सगळ्या कापडगिरण्या होत्या. कोकणातून, साताऱ्याहून, तुमच्या कोल्हापूरकडून माणसं आली, बायकामुलं गावी ठेवून. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. यांना जेवायला कोण घालणार? शेजारच्या खोलीतली बाई. तिच्या घरची चूल तीच खानावळ. तिचे पैसे पगाराला मिळायचे आणि तोवर किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन; त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आम्ही बँकवाले तारण मागणार, आणि या बायकांकडे तारण म्हणून काय, तर पोळपाट. पण त्यांनी कर्ज फेडून दाखवलं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या गेल्या, खानावळीत जेवणारे गेले. पुष्कळ चुली विझल्या, काही पोळीभाजी केंद्रं झाली.

त्या रांधपाची सवय मात्र गल्ल्यांतून गेली नाही. भाकरी, सुकटीची चटणी, काळ्या वाटाण्याची आमटी, झणझणीत रस्सा हे तिथे ‘स्पेशल’ म्हणून मिळत नाही, नुसतं जेवण म्हणून मिळतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला एखाद्या केंद्रासमोर उभी राहून बघ. आत दोन बायका लाटतात, तिसरी तव्याशी. पोळी तव्यावरून उतरली की तेलाचा हात, दुमड, कागदात. गिऱ्हाईक येतं ते मेनू वाचत नाही, ‘आज काय?’ विचारतं. अळूची पातळ भाजी असली तर साडेसातला पातेलं रिकामं. आठला जाणाऱ्याच्या वाट्याला बटाटा. म्हणजे ऑफिसमधून निघायला उशीर होणाऱ्या पोरीने त्या बाईशी ओळख ठेवावी; ती वाटीभर काढून ठेवते.

लालबागची मसाला गल्ली तर तुझ्यासाठीच आहे. मार्च ते मे मुंबईभरच्या बायका तिथे येतात. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणखी दोन-चार जाती आपापल्या घरच्या प्रमाणात घ्यायच्या, धणे-खोबरं भाजून घ्यायचं आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटायला द्यायचं. ठसका लागतो, डोळ्यांना धारा लागतात, पण आपला मसाला आपल्यासमोर होतो. तुझा कांदा-लसूण मसाला संपला की आईला पार्सल पाठवायला लावू नकोस. कोल्हापुरी प्रमाण सांग, तिथे ते कुणाला नवं नाही.

तोटेही आहेत. गणपतीचे दहा दिवस तिथे राहणं म्हणजे स्वतःच्या घरी जायला पोलिसांना विनवण्या करणं. पाऊस धरला की हिंदमाताला पाणी तुंबतं. (माटुंग्याला गांधी मार्केटपाशीही तेच, तेव्हा हा मुद्दा दोन्हीकडे सारखा.) अशा दिवशी डिलिव्हरीवाला पोहोचत नाही, जिन्याखाली वाणी आहे का, त्याच्याकडे पाव आणि अंडी आहेत का, एवढ्यावर रात्र निघते.

नवे टॉवर बघशील तर एवढंच लक्षात घे की कित्येक टॉवरच्या तळाला आठ मजले नुसतं पार्किंग असतं. खाली दुकान नाही, फाटकाबाहेर हातगाडी उभी राहू देत नाहीत. अर्धा लिटर दूध आणायलाही मोबाइल काढायचा. त्या मोबाइलवरच्या जेवणाचा महिन्याचा हिशोब एकदा मांड. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने मांडला, आणि पुढच्याच महिन्यात त्याने कुकर घेतला.

डोंबिवलीचं तुझ्या बाबांनी सुचवलंय. भाडं कमी, पोळीभाजी उत्तम, माणसं आपली. पण रोजचा जाऊन-येऊन निदान अडीच तासांचा प्रवास आहे, तोही उभ्याने. रात्री घरी पोचल्यावर शिजवणं सोड, खाण्याचीही इच्छा उरत नाही. लग्न होऊन दोघं कमावती झालात की जा.

दादरला मी राहते म्हणून तुला ओढणार नाही. स्टेशनजवळची भाजी ताजी, गोमंतकी-मालवणी खानावळी चालत्या अंतरावर, वडापाव तर अशोक वैद्यांनी १९६६ मध्ये स्टेशनबाहेरच सुरू केलेला. पण पहिल्या पगारात दादरचं भाडं दिलंस तर खायला वडापावच उरेल.

माझं मत विचारशील तर लालबाग किंवा करी रोड. मुख्य रस्त्यावर नको, आतल्या गल्लीत, शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. लोअर परळ स्टेशनवरचा डिलाइल पूल २०१८ ला बंद झाला होता, तो २०२३ पासून पुन्हा पूर्ण चालू आहे; त्यावरून ऑफिसला चालत जाशील. दुपारी घरी यायला जमणार नाही, तेव्हा एखाद्या खानावळवाल्या बाईंचा डबा लाव. डबेवाल्यांची रीत १८९० पासूनची आहे, तुझ्या काचेच्या इमारतीतही ते येतात. लॉबीत डबा घ्यायला खाली उतरायची लाज वाटू देऊ नकोस; तुझे साहेब तीनशे रुपयांचं सॅलड खाऊन चारला बिस्किटं शोधत असतात.

मासळीसाठी एक सांगून ठेवते. एक जून ते एकतीस जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत मोठी पापलेटं स्वस्तात कुणी देऊ केली तर घेऊ नकोस, बर्फातली असतात. जून-जुलैत सुकट-बोंबील खा. एरवी बुधवार, शुक्रवार, रविवार बाजारात पाय ठेवायला जागा नसते. गुरुवारी किंवा संकष्टीला गेलीस तर कोळीण बोलायलाही मोकळी असते आणि भावातही नरमते. पहिल्यांदा घासाघीस करू नकोस. कल्ला उचलून लाल आहे का ते बघ, मुकाट्याने पैसे दे, पुढच्या आठवड्यात तिच्याकडेच जा. तिसऱ्या खेपेला ती स्वतःहून ‘आज हे नको घेऊस’ म्हणेल.

तू येत्या सोमवारी पोचतेस ना? त्या रात्री माझ्याकडेच ये. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर लालबागला एकटी जा, मी मुद्दाम बरोबर येत नाही. बुधवारी माटुंगा बघ. दोन्हीकडे जेवलीस, काय मिळालं आणि किती पैसे गेले ते मला सांग, मग एजंटला फोन करू. तोवर टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नकोस, तो ‘दुसरी पार्टी येतेय’ म्हणाला तरी.

आईला सांग, बरण्या आणि पितळी डबे पाठवू नकोस, खोलीत जागा नसते. तीन लिटरचा कुकर, एक तवा, एक कढई आणि मिसळणाचा डबा पुरे. आणि गूळ पाठव म्हणावं, माझ्यासाठी.

तुझी,
मावशी