सर्व्हेला निघण्याआधी

अमरावतीला एम.ए.ला संशोधन पद्धतीचा पेपर आहे म्हणून एवढा धसका घेऊ नको भाऊ. सूत्रं सॉफ्टवेअरही सोडवतं. पोरं फसतात ती नमुना (म्हणजे ज्यांना विचारायचं ती मोजकी माणसं) निवडताना आणि प्रश्न विचारताना.

समज, कापूस उत्पादकांचा अभ्यास आहे. जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) दारात गाड्या घेऊन उभे असलेलेच शेतकरी गाठलेस, तर ज्यांनी घरूनच खेडा खरेदीवाल्याला माल दिला ते सगळे सुटले. मग नमुना कितीही वाढव, ही खोट भरून निघत नाही. त्यापेक्षा गावातल्या खातेदारांची यादी मिळव, क्रमांक दे, चिठ्ठ्या टाक. ज्यांची नावं निघाली त्यांच्याच घरी जा, तेही संध्याकाळी. दुपारी सारं गाव वावरात असतं.

"यंदा कापूस किती झाला?" असं मोघम विचारू नको. पहिल्या वेच्याला किती, दुसऱ्याला किती, असं विचार. मधात तुरीच्या ओळी होत्या का तेही लिहून घे, नाहीतर एकरी उत्पादनाचा हिशेब बोंबलतो.

सरासरीवर फार भरवसा नको. पाच जणांकडे २, ३, ३, ४ आणि ३८ एकर असेल तर सरासरी १० येते, मध्यक (आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येतो तो) ३. आता यांत दहा एकरवाला दाखव बरं!

सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासणारी टी-चाचणी गिनेस या बिअर कारखान्यातल्या गॉसेटनं लहान नमुन्यांच्या अडचणीतून काढली, १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं. दोन-तीन गणितं हातानं सोडव, मग उमजते. पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा किंवा जास्त फरक योगायोगानं दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली आलं तरी फरक किती क्विंटलचा, ते आधी लिही. आणि प्रश्नावली गाइडला दाखवल्याशिवाय झेरॉक्सला देऊ नको.