आरएनए वाढला म्हणजे प्रथिन वाढलं असं नाही
पाषाणच्या लॅबमध्ये रुजू झालीस, फार छान वाटलं गं. एक सांगते. क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायच्या चाचणीत) आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीची जनुकाची प्रत, चौपट दिसला म्हणून प्रथिनही चौपट झालं असं धरू नकोस. पी५३ या प्रथिनाचंच बघ: एमडीएम२ हे दुसरं प्रथिन त्याला सतत मोडीत काढायला लावतं. ती पकड सुटली की आरएनए तेवढाच असूनही प्रथिन साठतं. म्हणून त्याच पेशींचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) लावच.

आणि मोबाइलला हात लागला की हातमोजे बदल, नाहीतर त्यावरची आरएनए तोडणारी विकरं नमुन्यात जातात. माझे सुरुवातीचे कितीतरी नमुने तसेच वाया गेले. आरएनएची शुद्धता दाखवणारं २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास, अगदी झकास; पण आरएनए आकारानुसार वेगळा करणाऱ्या जेलवर २८एस-१८एसचे (अखंड आरएनएचे) ठसठशीत पट्टे नाहीत, खाली नुसता तुटलेल्या आरएनएचा धूसर फराटा! रडूच आलं होतं. तेव्हा आकड्यावर थांबू नकोस, जेल चालवून बघ.