हार्मोन्स आणि चयापचय या विषयावर आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरवायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

सभागृहापासून नव्हे, वैज्ञानिक समितीपासून. थायरॉइड, मधुमेह, हाडे, पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी), लठ्ठपणा या प्रत्येक शाखेतला एक जाणकार समितीत हवा, आणि तोही वेगवेगळ्या देशांतला. नाहीतर सगळा कार्यक्रम मधुमेहच खाऊन टाकतो.

तारीख ठरवण्याआधी मोठ्या परिषदांचं वेळापत्रक बघा. एंडोक्रायनॉलॉजीची, म्हणजे हार्मोन्सच्या शास्त्राची, पहिली आंतरराष्ट्रीय काँग्रेस १९६० साली कोपनहेगनला भरली होती. आता ती साधारण दर दोन वर्षांनी होते. तिच्या आगेमागे तारीख धरलीत तर चांगले वक्ते मिळणं कठीण. परदेशी पाहुण्यांची निमंत्रणपत्रं मात्र लवकर पाठवा, व्हिसा त्यावरच अडतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे एककं. काही देशांत रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, काही ठिकाणी मिलिमोलमध्ये. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ७.० मिलिमोल प्रति लिटर, आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के म्हणजे ४८ मिलिमोल प्रति मोल. स्लाइडवर रक्तातल्या साखरेचा एकच आकडा असला की अर्धं सभागृह मनात १८ ने गुणत किंवा भागत बसतं आणि वक्त्याचं पुढचं वाक्य हुकतं. म्हणून दोन्ही आकडे लिहायची सूचना वक्त्यांना आधीच द्या.

औषध कंपन्यांचे पैसे घ्यावे लागतील, हरकत नाही. पण विषय आणि वक्ते समितीनेच ठरवायचे, आणि प्रत्येक वक्त्याने पहिल्याच स्लाइडवर आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करायचे. इथे मी अजिबात सूट देणार नाही.