रोज तेच ते विचार करण्याची सवय मोडून मन शांत कसं करावं? २१ दिवस सकारात्मक वाक्यं म्हटल्याने फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की अंथरुणाला पाठ टेकली की दिवसभरातले वाद डोक्यात पुन्हा सुरू होतात, आणि कुणीतरी तुम्हाला आरशासमोर म्हणायची दहा वाक्यं दिली आहेत. ती दहा वाक्यं वाचली आणि उत्तर लिहायला बसले. मला अशी अकरा मिळाली होती, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाकडून.

नाही पडत फरक. ज्याला खरोखर काही लागलेलं आहे त्याला तर नाहीच.

मी कराडजवळच्या एका गावात पतसंस्थेत कॅशियर होते. २३ वर्षं काउंटरवर काढली. २०११ च्या मार्चमधल्या एका शनिवारी कॅश जुळेना. रोजकीर्दीप्रमाणे शिल्लक निघत होती त्यापेक्षा हातात ९,५०० रुपये कमी. कॅशियरच्या आयुष्यात असे दिवस येतातच. गड्ड्या पुन्हा मोजायच्या, स्लिपा पुन्हा लावायच्या, शंभराच्या गड्डीत पाचशेची नोट गेली का बघायचं. मी तिसऱ्यांदा मोजत होते तेव्हा साहेब आत आले, खुंटीवरची माझी पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली. डबा, रुमाल, मुलीच्या औषधाची चिठ्ठी, घराच्या किल्ल्या. डब्याचं झाकण निघून खाली गडगडत गेलं. काउंटरच्या पलीकडे रांगेत सात माणसं उभी होती.

पिशवीत पैसे नव्हते. साहेब काही न बोलता केबिनमध्ये गेले. मीही काही बोलले नाही, खाली वाकून झाकण शोधत राहिले. पुढे ती रक्कम माझ्या पगारातून पाच हप्त्यांत कापली. ऑगस्टच्या शेवटी ऑडिटरच्या लक्षात आलं की एका पिग्मी एजंटचा, म्हणजे दारोदार फिरून रोजची बचत गोळा करणाऱ्याचा, भरणा दोनदा जमा धरला गेला होता, एकदा त्याच्या यादीवरून आणि एकदा सुट्या स्लिपेवरून. नोंद माझ्या हातची नव्हती. पैसे ट्रान्स्फर व्हाउचरने माझ्या खात्यात परत आले. तपशिलात लिहिलं होतं, ‘जादा वसूल रक्कम परत’. बस, एवढंच. पिशवी सात जणांसमोर उलटी झाली होती. ती चूक होती असं एकाही माणसासमोर कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी साहेबांशी भांडले. मनातल्या मनात. कणीक मळताना, एसटीची वाट बघताना, देवापुढे दिवा लावताना. त्या दिवशी मी काय बोलायला हवं होतं त्याची वाक्यं मी इतक्या वेळा घासली की आजही मला ती तोंडपाठ आहेत. समोर साहेब फाइल सरकवत असायचे आणि माझ्या डोक्यात त्यांची उलटतपासणी चालू असायची. मुलगी शाळेतलं काही सांगायची आणि मला शेवटचा शब्द तेवढा ऐकू यायचा. ती दहावीला कधी गेली ते मला नीट आठवत नाही. तुम्ही विचारांच्या सवयीबद्दल विचारताय ना, सवयीची किंमत ही अशी असते.

दादा पिंपरीला असतो. २०१३ च्या भाऊबीजेला तो एक तीन दिवसांचं शिबिर करून आला होता. ओवाळून झाल्यावर पाकिटासोबत त्याने लॅमिनेट केलेला कागद दिला. मी शांत आहे. मी सर्वांना माफ केलं आहे. माझ्या आयुष्यात येणारा प्रत्येक माणूस माझ्या भल्यासाठी येतो. अशी अकरा वाक्यं, २१ दिवस, पहाटे. मी मनापासून केलं. साडेपाचला उठून, दार लावून, एकही दिवस न चुकवता. डिसेंबरात ऑफिसातल्या एकीच्या मुलाचं लग्न होतं, पंगतीत साहेब समोरच्या रांगेत येऊन बसले आणि माझ्या हातातला पाण्याचा पेला हलायला लागला. न जेवता घरी आले. दादाला फोन केला तर म्हणाला, “तू मनापासून म्हटलं नसशील. तुला त्या रागातच राहायचंय.”

हे वाक्य साहेबांच्या पिशवीपेक्षा जास्त लागलं. रात्रीच्या भांडणात आता दोन माणसं उभी राहायला लागली.

२१ दिवसांचं सांगते, कारण दादाला हे मी आजवर नीट सांगू शकलेले नाही. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी वाटेल ती सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे तपासलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी हिशेब २५४ पर्यंत गेला. आणि त्या सवयी होत्या जेवणाबरोबर पाणी पिणं, थोडं धावून येणं अशा. मनातला अपमान त्याहून कितीतरी चिवट असतो.

नको तो विचार दाबून टाकण्याचंही तेच. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या, आणि नंतर मोकळीक दिल्यावर त्याच लोकांच्या मनात अस्वल, ज्यांना आधीपासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षा जास्त वेळा आलं. ‘मी सर्वांना माफ केलं आहे’ असं म्हणताना दर पहाटे मी आधी साहेबांना आठवत होते. न आठवता माफ कसं करणार?

२०१७ च्या मे महिन्यात आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक व्याख्यान झालं. मी गेले ते शेजारीण एकटी होती म्हणून. विषय होता विवेकनिष्ठ मानसोपचार. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धत १९५५ च्या सुमारास मांडली आणि आपल्याकडे मराठीत ती रुजवली कि. मो. फडके यांनी, त्यामुळे तुम्ही ऐकलंही असेल. मूळ म्हणणं पार एपिक्टेटसपासूनचं आहे. हा एके काळी गुलाम असलेला प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ सांगायचा की माणूस घटनेने अस्वस्थ होत नाही, घटनेबद्दलच्या आपल्या समजुतीने होतो. एलिस यांनी ती समजूत नेमकी कसली असते ते पकडलं. ती मागणी असते. आपल्याला काहीतरी हवं असतं, इथवर ठीक. त्या हवेपणाचा आपण हुकूम करतो, आणि जगाने तो मोडला की जळत बसतो.

वक्त्यांनी फळ्यावर एकच अक्षर लिहिलं: च. मला मान मिळायलाच पाहिजे. असं व्हायलाच नको होतं. मी हे सहन करूच शकत नाही. म्हणाले, घरी जाऊन तुमच्या मनातलं भांडण कागदावर उतरवा आणि त्यातले ‘च’ मोजा.

मी मोजले. कॅशियरच ती, वहीला उभी रेघ मारली. डाव्या बाजूला ‘घडलं’, उजव्या बाजूला ‘मी चढवलं’. डावीकडे जेमतेम पाच ओळी भरल्या: कॅश कमी आली, साहेबांनी पिशवी उलटी केली, पगारातून पैसे कापले, पैसे परत आले, कुणी माफी मागितली नाही. उजवीकडे दीड पान. त्यात १४ ‘च’.

मग दर रात्री एकेक ‘च’ घेऊन बसायचे आणि ऑडिटर व्हाउचर मागतो तसा त्याला पुरावा मागायचे. ‘सहन करूच शकत नाही’. पण सहा वर्षं रोज त्याच काउंटरवर जाऊन बसले, म्हणजे सहन तर केलं होतं. ‘साहेबांनी माफी मागायलाच पाहिजे होती’. मागितली असती तर फार बरं झालं असतं, ती मागणं हे त्यांचं कर्तव्य होतं, हे मी आजही म्हणते. पण कर्तव्य सगळी माणसं पार पाडतातच असं कुठे आहे? हा माणूस पार पाडणारा नव्हता. आणि ‘सगळ्यांनी मला चोर मानलंच’. सगळे म्हणजे कोण? सात. मी त्या सात जणांची यादी करायला घेतली. दोघं अनोळखी होते. एक शाळेतले गुरुजी, ते पुढेही मुदत ठेवीचं मलाच विचारायला यायचे. आणि एक बाजारातल्या भाजीवाल्या मावशी. त्यांचं नाव लिहिलं आणि हात थांबला.

त्या सोमवारी, म्हणजे पिशवीनंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, मावशी भरणा घेऊन आल्या होत्या. कमरेची चंची सोडून नोटा आणि चिल्लर सगळी काउंटरवर ओतली आणि म्हणाल्या, “मोज गं बाई. तू मोजलंस की मला पुन्हा मोजाया नको.”

सहा वर्षांत हे मला एकदाही आठवलं नव्हतं. माझ्याच काउंटरवर घडलेलं, माझ्याशी बोललेलं वाक्य. रात्री अकरा वाजता मी वहीवर डोकं ठेवून रडले. दादाची अकरा वाक्यं मला खोटी सांत्वनं देत होती, आणि खरं सांत्वन सहा वर्षं नोंद न होता पडून होतं.

म्हणून सांगते, नकारात्मक विचाराच्या जागी गोड विचार बसवणं हे कामच नाही. काम आहे हिशेब खरा करण्याचं. एलिस यांची पद्धत तुम्हाला वाईट वाटून घेऊ नका असं सांगत नाही. वाईट वाटणं, खंत, नाराजी या सगळ्याला तिथे जागा आहे. फक्त हुकूम सोडायचा. ‘च’ काढल्याने साहेब बरोबर ठरत नाहीत. दादाला हीच गोष्ट पटत नाही. त्याच्या लेखी शांत झालेला माणूस म्हणजे तक्रार नसलेला माणूस.

२०१९ मध्ये साहेब एसटी स्टँडवर भेटले. निवृत्त झाले होते, हातात एक्स-रेचं पाकीट होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, “साहेब, त्या दिवशी तुम्ही माझी पिशवी उलटी केलीत ते चुकीचं होतं. तुम्ही एकदा तसं म्हणाला असतात तर मला बरं वाटलं असतं.” ते म्हणाले, “जुन्या गोष्टी कशाला काढता, बाई.” आणि गाडी लागली म्हणून गेले. मी घासलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य वापरावं लागलं नाही. घरी आले, भात टाकला, जेवले. दादाला सांगितलं तर म्हणतो, “म्हणजे शेवटी माफ केलंसच की.” नाही दादा. मी माफ केलेलं नाही. माझा हात आता हलत नाही, ही गोष्ट वेगळी आहे.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. तुमचे रात्रीचे वाद ज्यांच्याशी आहेत ती माणसं आजही तुम्हाला त्रास देत असतील तर वही नंतर, आधी त्या त्रासाचं काहीतरी करा. तक्रार, बदली, घर बदलणं, जे शक्य असेल ते. चालू असलेल्या अन्यायावर विचार बदलण्याचा उपाय सांगणारा माणूस अन्याय करणाऱ्याच्या सोयीचं बोलतो. आणि झोप, भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं.

ही परिस्थिती नसेल तर आज रात्री फक्त डावी बाजू लिहा. काय घडलं, तेवढंच, साक्षीदार सांगेल तसं. उजवी बाजू उद्या. महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून वही बंद करू नका. मी मे महिन्यात सुरू केलं, आणि साहेबांचा विचार एकदाही न आलेला माझा पहिला दिवस नोव्हेंबरात उजाडला. तो तसा गेला हे मला त्या दिवशी कळलंही नाही. दुसऱ्या रात्री वही उघडली, तेव्हा आदल्या तारखेखाली काही लिहिलेलं नव्हतं.